तेराव्याच्या पंगतीतले साक्षीदार

कर्जाच्या ॲपवाल्यांनी घाणेरडे बनावट फोटो दाखवून धमकावलं आणि त्या धसक्यानं मिरजेचा अनंता गेला. तेराव्याला पंगत बसली असताना त्याचा फोन वाजला. बायको सुलभाने स्पीकर लावला.

"पैसे टाक, नाहीतर फोनमधल्या सगळ्यांना फोटो पाठवतो!"

"कशाला त्रास घेता? ह्यांचं तेरावं आहे, सगळे इथंच जेवताहेत. नाव सांगून मोठ्यानं बोला. उद्या सायबर पोलिसांत एवढे साक्षीदार मी कुठून आणले असते?"

फोन कटला.

"वहिनी, पहिली साक्ष माझी," अनंताचा मित्र म्हणाला. मग एकेक करून सगळेच तसं म्हणाले.

सुलभाला तेव्हा रडू फुटलं. ही सगळी नावं त्याच फोनमध्ये होती. लाजेपोटी अनंतानं एकालाही फोन केला नव्हता.