भिवराबाईचं कुंपण

फार वर्षं लोटली या गोष्टीला. हिवरटोल्याच्या तळ्यावर तेव्हा माणसांपेक्षा बदकं जास्त होती, असं म्हणतात. तळ्याच्या बांधाखाली भिवरा नावाची एक ढिवरीण राहायची. नवरा तापानं गेलेला, मूलबाळ नाही. मासे धरायचे, शिंगाडे काढायचे, पाच-सहा बदकं पाळायची, एवढाच तिचा संसार.

एका हिवाळ्यात तिची एक मादी अंड्यांवरून उठली ती परत बसलीच नाही. सगळी अंडी गार पडली, एकच कोमट राहिलं. भिवरानं ते लुगड्याच्या ओच्यात बांधलं आणि पोटाशी धरलं. त्याच अंगानं ती जाळं विणायची, चूल पेटवायची, कूस न बदलता निजायची. अकराव्या दिवशी पोटाशी टकटक झालं. अंडं फुटून पिल्लू निघालं ते तिच्याच तोंडाकडे बघत.

पिल्लू नर निघालं. डोकं शेवाळासारखं हिरवं झालं, म्हणून त्याचं नाव शेवाळ्या. तो तिच्या ताटात जेवायचा, बाजाराला तिच्या मागे चालत जायचा. बाकीची बदकं पाण्यात असली तरी हा आपला उंबऱ्यावर. "पोरगंच हाय माहं," भिवरा सांगायची, आणि कुणी हसलं तर तिला राग यायचा.

दुसऱ्या वर्षी फाल्गुन लागला, दिवस मोठे झाले, आणि शेवाळ्या बदलला. मान खालीवर करत तो भिवराभोवती फिरायचा, तिच्या पावलावर चढायचा, पायाला चोच मारायचा. आधी ती हसली. मग तो आल्यागेल्याच्या अंगावर धावू लागला. मग माद्यांच्या मागे लागला. दिवसभर त्यांना पाण्यात दाबून धरायचा, मानेची पिसं उपटायचा. माद्यांच्या माना उघड्या पडल्या, रक्त दिसायला लागलं. भिवरानं काठी घेतली. एक काठी मारली की तो दुप्पट जोरानं उलटून यायचा. जणू ती त्याची वैरीण होती.

एका सकाळी शेजारची सगुणा मेलेली मादी हातात धरून अंगणात आली. तिचे डोळे भरले होते.

"भिवरे, तुह्या नरानं माही चांदी बुडवून मारली. मी हाका मारत होती, तरी सोडली नाही त्यानं. आता तूच सांग."

भिवरानं शेवाळ्याला काखेत घेतलं, डोंगा सोडला आणि तळ्यापलीकडच्या जंगलाच्या काठावर त्याला ठेवून दिलं. तो डोंग्यामागे पोहत निघाला. तिनं वल्हं पाण्यावर आपटलं. तो थांबला. पुन्हा निघाला. तिनं पुन्हा आपटलं.

दिवस मावळता मावळता शेवाळ्या अलीकडच्या काठाला लागला. नराला मोठा आवाज नसतो, त्यानं आपल्या घोगऱ्या गळ्यानं तिला हाक घातली. भिवरा अंगणात उभी होती. तिनं मातीचं ढेकूळ उचललं आणि भिरकावलं. "जाय! माह्या दारात येऊ नको!"

तो आला नाही. जिथं ढेकूळ पडलं तिथंच बसून राहिला. सकाळी तिथं कोल्ह्याची पावलं होती आणि हिरवी पिसं.

चैत्र संपता संपता तेलंगणाकडून मल्लय्या नावाचा म्हातारा बदकांचा कळप घेऊन आला. धान कापलेल्या बांध्यांमधून तो बदकं चारत गावोगाव फिरायचा. भिवरानं पाहिलं, त्याचे नर वेगळे होते, बांबूच्या पट्ट्या विणून केलेल्या ताटव्याआड. तिनं विचारलं, "यायले काहून कोंडलं?"

"ऋतू चढलाय त्यांच्यावर," म्हातारा म्हणाला. "दिवस मोठा झाला की त्यांचं रक्त उसळतं. एका नराला पाच माद्या पाहिजेत. तेवढ्या नसतील तर वेगळं ठेवायचं. सांजेला लवकर अंधारात घ्यायचं."

"आणि माणसाच्या अंगावर आला तर?"

"एकट्यानं वाढलेला असेल. त्याला माणूसच आपली जात वाटते. काठी मारू नये, बाई. मारलं की त्याला वाटतं दुसरा नर झुंजायला आला. पाठीवर हात ठेवून खाली बसवायचं, शांत होईपर्यंत धरायचं. बस."

भिवरानं विचारलं, "मंग उतरते कधी?"

"पावसात पिसं झडली की उतरतं. होता तसा होतो. दोन-चार महिन्यांचा तर खेळ."

भिवरा तिथंच बांधावर बसली. तिनं शेवाळ्याला दोन महिनेसुद्धा दिले नव्हते.

त्यानंतर तिनं स्वतःचं नवं बदक कधी पाळलं नाही. पण फाल्गुन लागला की ती बांबू फाडायला बसायची आणि घरोघर ताटवे बांधून द्यायची. पहिला ताटवा तिनं सगुणाच्या अंगणात बांधला. चवताळलेल्या नराच्या पाठीवर तिनं तळवा ठेवला की तो डोळे मिटायचा, असं म्हणतात. बारा गावचे लोक तिला न्यायला यायचे.

एका वर्षी उन्हाळा सरेचना. गावोगावची तळी आटून हिवरटोल्यात एकच डोह उरला आणि साऱ्या गावांचे नर पाण्यासाठी ताटवे मोडून त्या डोहात जमून झुंजू लागले. पाणी लाल झालं. लोक काठ्या घेऊन धावले. म्हातारी भिवरा त्यांना मागे सारून गळ्याएवढ्या पाण्यात उतरली आणि कुणाला ऐकू येणार नाही अशा आवाजात काहीतरी बोलली. तीनशे नर एकामागे एक तिच्या मागून काठावर आले, असं म्हणतात. लोकांनी आपापले नर ओळखून नेले. शेवटचा नर गेला तरी ती पाण्याकडे बघत उभीच होती. सगुणानं तिचा हात धरला.

"चाल घरी. आता कोणी नाही त्यात."

"त्याचा काही गुन्हा नव्हता, सगुणे," भिवरा म्हणाली.

त्याच पावसाळ्यात ती गेली.

आजही हिवरटोल्यात फाल्गुनाच्या पहिल्या दिवशी तळ्याकाठी बांबूचं कुंपण उभं राहतं आणि गावातले नर त्यात जातात. त्या कामाला जाताना कुणी हातात काठी घेत नाही. आणि वर्षातल्या कुठल्याही दिवशी कुणी रागाच्या भरात सुनेला, भावाला, लेकाला घराबाहेर काढायला निघालं, की म्हातारी माणसं त्याला त्या कुंपणाच्या जागेपाशी आणून उभं करतात. त्याचा श्वास खाली बसेपर्यंत त्याच्याजवळ उभी राहतात, मग सगळे मिळून त्याला घरी पोचवतात.