फिलूचा सांधा

सांगा बघू, भरवसा कोणावर ठेवावा? आपल्याला जपणाऱ्यावर, की आपण केलेलं मोडून दाखवणाऱ्यावर? उत्तराची घाई नको. आधी फिलूचं ऐका.

एका गावात एक इंजिनिअरिंग कॉलेज होतं. तिथे कारवारकडच्या जंगलातून फिलोमिना सिद्दी शिकायला आली. सिद्दी म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून इकडे आणलेल्या माणसांचे वंशज. रंग काळाभोर, केस कुरळे, बोली मात्र इथलीच. तरी पहिल्याच दिवशी एकाने विचारलं, "मराठी छान बोलतेस की. कुठे शिकलीस?"

"घरी," फिलू म्हणाली. "तू कुठे शिकलास?"

वर्गात तिच्यासारखं दुसरं कोणी नव्हतं. सर्वेश नावाच्या मुलाने तिला आपल्या गटात घेतलं. पोरगा मनाचा चांगला, बरं का. गटाला भार उचलणारी एक छोटी क्रेन बनवायची होती. "तुझं अक्षर सुंदर आहे, अहवाल तू लिही," तो म्हणायचा. तिने वेल्डिंगला हात लावला की म्हणायचा, "राहू दे गं, डोळे दुखतील. आम्ही करतो." संमेलनात तिचा नाच ठरलेला, शर्यतीत तिचं नाव ठरलेलं. फिलूला बरं वाटायचं. फक्त वर्कशॉपमध्ये पाऊल टाकलं की वाटायचं, आपण इथे पाहुणे.

तिथे शिकवणाऱ्या शिरगुप्पे बाई तोंडाच्या फटकळ. फिलूने एकदा सरावाला म्हणून जोडलेल्या लोखंडी पट्ट्या त्यांनी व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या लोखंडी पकडीत, आवळल्या आणि हातोडा घातला. सांधा तुटला. "कच्चा आहे. पुन्हा कर." फिलूच्या मनात आलं, या आपला रंग बघून बोलतात.

ती सर्वेशला म्हणाली, "मी कॉलेज सोडते. आमच्यातलं कोण इंजिनिअर झालंय?"

"मनाला लावून घेऊ नकोस," तो मायेने म्हणाला. "तुला खेळाचं मैदान आहेच की."

धीर यायचा सोडून तिला एक गोष्ट लख्ख कळली. ती गेल्याने इथे कुणाचं काहीच अडणार नव्हतं.

तरी परीक्षेपर्यंत ती थांबली. परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. क्रेनने सिमेंटची गोणी अलगद उचलली. त्यांनी फिलूकडे पाहून विचारलं, "हे वेल्डिंग कुणाचं?"

"सगळ्यांनी मिळून केलंय, सर," सर्वेश मध्येच म्हणाला आणि तिला डोळ्यांनी गप्प राहा म्हणून खुणावलं.

गप्प राहिली असती तर फिलू तिथल्या तिथे पास होती.

"माझं नाही, सर. मी अहवाल लिहिला. वेल्डिंग मला येत नाही."

"मग नापास करावं लागेल."

"करा. पण पुन्हा बसू द्या."

बाहेर येताच सर्वेश चिडला. "वेडी आहेस का? तुझ्यासाठीच बोललो ना मी?"

"बोललास माझ्यासाठी, कामही केलंस माझ्यासाठी. मग मी इथे आले कशाला?"

सुट्टीत बाईंनी तिच्यासाठी वर्कशॉप उघडं ठेवलं. फिलूने जोडावं, बाईंनी तोडावं. शेवटी तिने विचारलंच, "सर्वेशचंही असंच तोडता का, बाई?"

"त्याचे तुझ्यापेक्षा जास्त तुटलेत. जाऊन विचार त्याला."

फिलू खुदकन हसली. मनातली अढी तिथेच सुटली.

मग एका दुपारी बाईंनी हातोडा घातला, पुन्हा घातला. पट्टी वाकली, सांधा हलला नाही. बाई एवढंच म्हणाल्या, "हं. आता दुसरा कर."

फेरपरीक्षेत फिलू पास झाली. संमेलनात नाचलीही, पण स्वतःच्या हौसेने, वर्कशॉपमधून थेट, काळे झालेले हात तसेच घेऊन. त्या वर्षापासून नव्या मुलींना वेल्डिंगची पहिली कांडी तीच हातात देऊ लागली.

तात्पर्य: आपल्या वाट्याचं अवघड काम जो मायेने काढून घेतो, तो आपलं शिकणंही घेऊन जातो; आणि आपल्याला काय येतं, काय येत नाही हे न लपवता, चुकत चुकत जो टिकतो, त्याची जागा पक्की होते. तेव्हा मंडळी, कोणतं काम आपल्या हातचं आणि कोणतं दुसऱ्याच्या, एवढा हिशेब प्रामाणिकपणे ठेवत चला.