फोटो नीट लागला नाही

“मग कसं झालंय, वस्ताद?”

कासम वस्तादांनी तालमीच्या दारातून समोर पाहिलं. पलीकडे कॉलेजचं फाटक, मधे रस्ता, आणि रस्त्यावर नवेकोरे पांढरे पट्टे.

“पट्टे ब्येस.”

धैर्यशील मगदूमची छाती फुगली.

“फोटू तेवढा नीट लागला न्हाई.”

धैर्यशील याच तालमीच्या मातीत लोळून मोठा झालेला, आता नगरपालिकेचा इंजिनिअर. गेल्या साली इथेच कॉलेजच्या एका मुलीला ट्रकने उडवलं होतं. पोरगी वाचली, पाय गेला. तिला उचलून दवाखान्यात नेलं ते वस्तादांनीच. तेव्हापासून धैर्यशीलने सभांत भांडून, पुढाऱ्यांचे उंबरठे झिजवून हे पट्टे आणि वरचा पिवळा दिवा पदरात पाडून घेतला. अभिमान वाटणारच, आणि का वाटू नये?

तालमीच्या पोरांनाही वाटला. आणि आपल्या माणसाचं कौतुक फ्लेक्सशिवाय झालंय कधी? उद्याच्या उद्घाटनासाठी त्यांनी पट्ट्यांच्या तोंडालाच भलामोठा फ्लेक्स उभा केला. वर फेटा बांधलेले वस्ताद, खाली हात जोडलेला धैर्यशील.

“वाकडा लागलाय का? सरळ करायला सांगतो.”

“सरळच हाय.”

“मग?”

वस्तादांनी लुंगी सावरली.

“तू चौकातनं गाडी घिऊन ये. मी रस्ता वलांडतो. उद्या पोरी चालनार... आज मी चालून बघतो.”

पहिलं पाऊल वस्तादांचं. धैर्यशीलला आणखी काय हवं होतं? तो हसतच गाडीत बसला.

गाडी चौकातून वळली. पिवळा दिवा उघडमीट करत होता, पट्टे लांबूनच उठून दिसत होते. वस्ताद मात्र कुठे दिसेनात. म्हातारा अजून लुंगीच सावरत असेल, असं म्हणून त्याने फ्लेक्सकडे पाहिलं. आपली मिशी काय झकास आली होती.

तेवढ्यात फ्लेक्सच्या आडून एक अनवाणी पाऊल पट्ट्यावर पडलं.

ब्रेक करकचून लागला. गाडी थांबली ती वस्तादांच्या लुंगीला टेकूनच. म्हाताऱ्याने बॉनेटवर पंजा ठेवला. जागचा हलला मात्र नाही.

“कुठं बघत हुतास?”

“पट्ट्यांकडं...”

वस्तादांनी फ्लेक्सकडे मान वळवली.

“फोटोकडं.”

“कुनाच्या?”

“...माझ्या.”

धैर्यशीलने फ्लेक्सकडे पुन्हा पाहिलं. उद्या याच फ्लेक्सच्या मागे कॉलेजच्या मुली उभ्या राहणार होत्या. तो खाली उतरला आणि फ्लेक्सच्या दोऱ्या सोडायला लागला.

तालमीची पोरं धावत आली. “साहेब, काय करताय? वस्तादांचा फोटू हाय त्येच्यावर. अपमान व्हईल.”

त्याचा हात थांबला. त्यालाही तेच वाटत होतं. त्याने वस्तादांकडे पाहिलं. वस्ताद कॉलेजच्या फाटकाकडे बघत उभे होते, जसं काही ऐकूच आलं नाही.

धैर्यशीलने शेवटची गाठ सोडली. आखाड्यात उतरताना माती कपाळाला लावायचा, तसा फ्लेक्स कपाळाला लावला आणि पोरांच्या हातात दिला. मग कुणी न सांगता गाडी घेऊन पुन्हा चौकात गेला.

या खेपेला म्हातारा चौकातूनच दिसला. पट्ट्यांपाशी, हात मागे बांधून उभा. धैर्यशीलने गाडी पट्ट्यांच्या चांगली अलीकडे थांबवली. मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवून वाजवून कान किटवले, पण तो हलला नाही.

वस्ताद निघाले. गाडीकडे ढुंकूनही न बघता, छाती काढून, एके काळी मैदानात उतरत तसे, सावकाश. टेम्पोचा हॉर्न आपोआप बंद पडला. धैर्यशीलचे डोळे भरून आले. फ्लेक्स पाहूनही आपली छाती एवढी फुगली नव्हती, हे त्याचं त्यालाच कळलं.

पलीकडे फाटकाशी पोचल्यावर वस्ताद वळले.

“आत्ता नीट लागला फोटू.”