मातीचं विरजण

करवंदीच्या जाळ्या जिथे संपतात आणि गावाची पायवाट जिथे सुरू होते, तिथे एक इवलंसं घर होतं. घराला एकच खिडकी, आणि त्या खिडकीत रोज संध्याकाळी एक इवलीशी मुलगी हनुवटी टेकून बसायची. तिचं नाव शेवंती, पण सगळे तिला शेवू म्हणायचे. शेवू काय बघायची? लांबून येणारी लाल एसटी बघायची. एसटी यायची, माणसं उतरायची, धुरळा उडायचा आणि गाडी निघून जायची. शेवूची आई काही उतरायची नाही.

शेवूचे बाबा ती रांगत होती तेव्हाच देवाघरी गेले. घरामागे परसात त्यांचा जमिनीचा एक तुकडा होता, पण तो असा कडक की कुदळ मारली तर कुदळच टणकन् वर यायची. तिथे काही उगवेना, म्हणून मग आई शहरात गेली, कुणा मोठ्या घरचं बाळ सांभाळायला. जाताना शेवू तिचा पदर सोडेचना. आई म्हणाली, "रडू नगं, बाय माजी. ह्या आपल्या जमिनीत मेथी उगवली ना, की मला एक जुडी धाड. जमीन खायाला देती म्हटल्यावर मी कशाला ऱ्हाते तिकडं? त्याच गाडीनं येते बघ."

झालं! शेवूने दुसऱ्याच दिवशी मेथी पेरली. ती मुंग्यांनी नेली. पुन्हा पेरली, ती उन्हाने करपली. शेवू रोज तांब्या तांब्या पाणी घालायची आणि पाणी आपलं वरच्यावर वाहून जायचं. आई आता त्या दुसऱ्या बाळाला अंगाई म्हणत असेल, असं मनात आलं की तिला त्या बाळाचा राग यायचा. मग आपल्याच रागाची लाज वाटायची आणि डोळे भरून यायचे.

शेवूजवळ तिची आत्या राहायची. आत्याचं तोंड भारी फटकळ, पण भाकरीचा मोठा तुकडा नेहमी शेवूच्याच ताटात पडायचा.

ओढ्यापलीकडे आबा आणि काकींचा मळा होता. काय सांगू त्या मळ्याची शोभा! जांभळी जांभळी वांगी, पोपटी दुधी, लालचुटूक मिरच्या, आणि झेंडूवर पिवळ्या फुलपाखरांची नुसती झुंबड. मुलं, सुना, नातवंडं, सगळं घरच तिथे राबायचं. पण त्यांची रीत जगावेगळी. ते नांगर म्हणून लावत नसत. सुकलेला पाला, गवत, काड्याकुटक्या, जे मिळेल ते जमिनीवर अंथरत आणि त्याला 'पांघरूण' म्हणत. गावातलं कुणीही मनात आलं की मदतीला जायचं. मजुरी नाही काही नाही, दुपारी सगळ्यांच्या पंगतीत झुणका-भाकर, आणि संध्याकाळी निघताना काकी प्रत्येकाला एक ओंजळ माती द्यायच्या. बांधावरच्या जुन्या जांभळाखालची, काळीभोर, भुसभुशीत माती.

एके दिवशी शेवू तिथे जाऊन उभी राहिली. "काकी, मी मदतीला येऊ? मला मेथी पिकवायला शिकायचंय."

"ये की गं बाय," काकी म्हणाल्या. "हात बारके असले तरी हातच हायेत."

पहिल्या संध्याकाळी शेवू ओंजळ सांभाळत घरी आली, तर आत्या कपाळावर हात मारून म्हणाली, "आगं भवाने! दिवसभर राबलीस आणि आणलंस काय, तर माती?"

"आत्या, ही साधी माती न्हाई. काकी म्हणतात, हे विरजण हाय. दुधाला लावतो ना आपण, तसं जमिनीला लावायचं."

"बरं बरं. दही लागलं की मला वाटीभर दे," आत्या हसत म्हणाली. शेवूने मात्र ती माती परसात अलगद पसरली.

आता शेवू होती मोठी टापटिपीची. अंगणात एक पान पडलं तरी तिचा हात खराट्याकडे जायचा. एका सकाळी काकी गाईंकडे गेल्या होत्या. शेवूला वाटलं, काकी येईपर्यंत त्यांचा वाफा कसा लख्ख करून ठेवू! तिने खराटा घेतला आणि जांभळाखालचा सगळा पाला सरासरा झाडून काढला. वाफा आरशासारखा स्वच्छ झाला. शेवू कौतुकाने बघतेय तोच जमिनीतून गुलाबी गांडुळं वर आली आणि उन्हात तडफडू लागली.

"अगं अगं अगं! माझं पांघरूण कुणी ओढलं?"

आवाज घुंगरासारखा बारीक होता. शेवूने वाकून पाहिलं, तर मातीच्या ढेकळाला टेकून एक परी बसली होती. अंगठ्याएवढी! अंगात बदामी रंगाचा झगा, केसांत गवतफुलाचा निळा ठिपका, आणि पंख कसले? जाळी पडलेल्या पिंपळपानांचे. त्या जाळीच्या प्रत्येक घरात रंगीत किरण लुकलुकत होते, पण उन्हाने ते एकेक करून विझत चालले होते.

शेवू घाबरली, पण पळाली नाही. तिने चटकन् परकराची सावली परीवर धरली, गांडुळांना अलगद मातीत ठेवलं आणि झाडलेला पाला मुठीमुठीने परत अंथरला. हे करताना ती हुंदके देत होती. "चुकले मी. मला वाटलं, कचरा आहे."

"कचरा!" परी फुरंगटून म्हणाली. मग शेवूचे डोळे बघून तिचा राग पळाला. "वेडाबाई, हे आमचं घर आहे. मी पाचोळी परी. मातीतल्या सगळ्या लहान जिवांना मी झोपवते आणि उठवते. तू चूक केलीस, पण ती लपवली नाहीस. माग, काय हवं?"

"आई," शेवू म्हणाली. दुसरा शब्दच तिच्या तोंडून निघाला नाही.

पाचोळी परीने पंखाखालून एक बी काढलं. ते मेथीच्या दाण्याएवढंच होतं, पण आतून सोनेरी लुकलुकत होतं. "हे इच्छेचं बी. एकदाच उगवतं. नीट ऐक हं. ज्या अंगणात पेरशील, त्याच अंगणातली इच्छा पुरी होईल. माती मात्र जिवंत हवी, मेलेल्या मातीत ते विझून जाईल. आणि एकदा पांघरूण घातलंस की उकरून बघायचं नाही. कितीही वाटलं तरी नाही."

"माती जिवंत झाली हे कळणार कसं?"

"गांडूळ आपल्या पायांनी चालत येईल," परी म्हणाली. मग स्वतःच खुदकन हसली. "पाय नाहीत म्हणा बिचाऱ्याला. पण येईल."

शेवूने ते बी आईच्या जुन्या निळ्या लुगड्याच्या चिंधीत बांधलं आणि उशाशी ठेवलं. चिंधीला अजून आईचा वास होता.

मग दिवसामागून दिवस गेले. शेवू मळ्यावर जायची, पाला वेचायची, रोपांना पाणी घालायची आणि रोज एक ओंजळ घेऊन यायची. परसात ती माती पसरायची, वर पाला अंथरायची आणि त्या पाल्यावरून हात फिरवत आईची अंगाई म्हणायची. आत्या चिडवायची, "झोपलं का गं तुजं बाळ?" पण भाजीची देठं आणि भांडी विसळलेलं पाणी ती गुपचूप तिथेच नेऊन घालायची. एसटीचा कंडक्टर अधूनमधून निरोप आणायचा, 'आई बरी हाय, जेवतीस का म्हणून विचारलंय.' शेवू मान हलवायची. तिला सांगायचं असायचं की तुझ्याशिवाय जेवण गोड लागत नाही. पण एवढा मोठा निरोप कंडक्टरकाकांच्या लक्षात कसा राहणार?

आणि एका सकाळी पाला उचलते तो काय, एक इवलंसं गुलाबी गांडूळ! वळवळत होतं, आपणहून आलेलं. शेवूने टाळ्याच पिटल्या. आज बी पेरायचं! आधी पाचोळी परीला सांगू या, म्हणून ती धावत ओढा ओलांडून गेली.

मळा काळा झाला होता.

रात्री डोंगरावरून वणवा उतरला होता. सगळ्या घराने हिरव्या फांद्यांनी झोडपून तो विझवला, घर वाचलं, गाई वाचल्या, पण वाफ्यांवरचं सगळं पांघरूण जळून गेलं. जांभूळ अर्धं करपलं होतं. काकी बांधावर बसून होत्या. आबांनी राखेत बोट घातलं आणि म्हणाले, "पाला पुन्यांदा आणू. पर विरजणच जळलं की गं. आता मातीत जीव कुठनं आणायचा?"

शेवूने राख बाजूला केली. खाली पाचोळी परी निपचित पडली होती. पंखांत एकच किरण उरला होता.

"बी आणू का?" शेवूने कानाशी जाऊन विचारलं.

"नको," परी पुटपुटली. "ते तुझ्या आईसाठी आहे. शिवाय इथली माती आता..."

शेवू उठली आणि घराकडे पळत सुटली. पळता पळता तिला आईचा पदर दिसत होता, लाल एसटी दिसत होती, आणि तो एकच लुकलुकता किरणही दिसत होता. परसात येऊन ती गुडघ्यांवर बसली आणि ढसाढसा रडली. मग तिने डोळे पुसले आणि ओंजळी ओंजळीने साठवलेली सगळी माती परकराच्या ओच्यात भरायला लागली.

"आगं, काय करतीस? वरीसभराची मेहनत ती!" आत्या ओरडली.

"काकींचं विरजण जळलं, आत्या."

आपलं विरजण संपलं की शेजारणीकडून वाटीभर आणायचं, हे आत्याला कुणी शिकवायला नको होतं. तिने पदर खोचला, पाटी उचलली आणि गल्लीतून हाका मारत सुटली, "आगं सुंदरे, आगं चांगुणे! मळ्यावरची माती ठिवलीय का कुणी? तुळशीत घातली असंल, कुंडीत घातली असंल, घिऊन या मूठभर! काकींचं विरजण सरलंय!"

आणि गाव निघालं. कधी ना कधी मळ्यावर राबून ज्याने ज्याने ओंजळ नेली होती, तो तो ओंजळ घेऊन आला. कुणी वाटीत, कुणी टोपीत, कुणी नुसत्या मुठीत. काकी पुढे होऊन प्रत्येकाची माती आपल्या ओंजळीत घेत होत्या. जांभळाखाली काळीभोर माती पसरली गेली. शेवूने चिंधीची गाठ सोडली, सोनेरी बी मधोमध ठेवलं आणि म्हणाली, "मळा पुन्हा जिवंत होऊ दे. पाचोळीला बरं वाटू दे." वर सगळ्यांनी मिळून पाला अंथरला. शेवूने उकरून बघितलं नाही. रिकामी चिंधी घेऊन ती घरी गेली आणि खिडकीत बसली. एसटी आली आणि गेली. "आई, मी तुझी मेथी देऊन टाकली गं," ती हळूच म्हणाली.

थोड्याच दिवसांत मळ्यावर पाल्यातून हिरवी पाती डोकावू लागली. गावात आनंदीआनंद झाला, शेवूही हसली, नाचली. फक्त परसाकडे जायचं तिला धाडस होत नव्हतं.

एका कोवळ्या सकाळी परसातून घुंगरांसारखं हसू ऐकू आलं. पाचोळी परी कुदळीच्या दांड्यावर बसली होती, पंखांत रंगच रंग!

"इथे काही नाही उरलं," शेवू म्हणाली. "सगळी माती मी नेली."

"वरची नेलीस गं," परी म्हणाली. "गांडुळं तर कधीच खाली उतरून घर करून बसली होती. त्यांना कुठे नेलंस? पेर बघू मेथी."

शेवूने बोट टेकवलं. बोट आत गेलं! जिथे कुदळ उडायची तिथे तिचं बोट लोण्यात जावं तसं आत गेलं. तिने मेथी पेरली आणि पांघरूण घातलं. परी त्यावरून एकदा भिरभिरली, आणि पाल्याच्या फटीफटीतून इवली इवली, गोल गोल, पोपटी पानं वर आली आणि बघता बघता जुडीएवढी वाढली.

"आई येईल?" शेवूने विचारलं.

"ते मला काय विचारतेस? एसटीला विचार," परी मिश्कीलपणे म्हणाली.

शेवूने मेथी उपटली, मुळांच्या मातीसकट. तिची जुडी केली आणि ती निळ्या चिंधीने बांधली. सकाळच्या गाडीच्या कंडक्टरकाकांच्या हातात दिली. "काका, आईला द्या. निरोप काही न्हाई."

त्या संध्याकाळी शेवू खिडकीत बसली नाही, बसवेचना. ती सडकेच्या कडेला जाऊन उभी राहिली. एसटी आली. माणसं उतरली. धुरळा उडाला. धुरळा खाली बसला, तेव्हा तिथे आई उभी होती. तिच्या छातीशी मेथीची जुडी होती, चिंधी तशीच, मुळांची मातीही तशीच.

"जुडी हातात दिली," कंडक्टर दारातून ओरडला, "आन् बाई त्याच गाडीत चढल्या बगा!"

शेवूला धावायचं होतं, पण पाय हलेनात. मग आईच धावली.

परसात आईने चपला काढल्या आणि उघडं पाऊल जमिनीवर टेकवलं. पाऊल मऊ मातीत रुतलं, तशी आई हसता हसता रडायला लागली. त्यांच्या डोक्यावर जाळीदार पंख क्षणभर झगमगले. सोनेरी, निळा, गुलाबी उजेड साऱ्या परसात सांडला, मेथीच्या पानापानावर थांबला, आणि त्या उजेडात पाचोळी परी दिसेनाशी झाली.

"आता ती जुडी खाली ठिव की गं," आत्या डोळे पुसत खेकसली. "भाजी कशाची करू मी?"

पण आईने जुडी काही खाली ठेवली नाही. एका हातात जुडी होती आणि दुसऱ्या हातात शेवू.