दाराबाहेर राहिलेलं बोलणं

समुद्राकाठी, सुरंगीच्या दाट सावलीत एक इवलंसं गाव होतं आणि त्या गावात कुंदा नावाची इवलीशी मुलगी राहायची. तिची आई लोकांच्या बागेत सुरंगीच्या कळ्या वेचायची, कुंदा त्यांचे वळेसर, म्हणजे गजरे, ओवायची. पोट जेमतेम भरायचं. पण कुंदाचं खरं दुःख शाळेत होतं.

चपला आणि घरची बोली, दोन्ही वर्गाच्या दाराबाहेर ठेवायची, असा ठोसरबाईंचा नियम. मालवणी आत आली की मुलांचं मराठी बिघडतं, असं त्यांना अगदी मनापासून वाटे. कुंदाला उत्तरं यायची हो! पण ती शाळेच्या भाषेत जुळवेपर्यंत दुसऱ्याच कुणीतरी सांगून टाकलेलं असे. "हिला यंदा याच वर्गात ठेवू," बाई म्हणाल्या, तेव्हा बिचारीचं तोंड एवढंसं झालं.

त्या संध्याकाळी बागेत वळेसर ओवताना काहीतरी चमचमलं. चिमुकली परी! सोनेरी पंख, केशरी झगा आणि नाजूक पाय दोऱ्यात गुरफटलेला.

"घाबरू नको गे, सोडवतंय तुका," म्हणत कुंदाने विकायचा अख्खा वळेसर तोडून टाकला.

परी गोड हसली. "एक इच्छा माग. पण नवं आलं की त्या जागचं जुनं जाईल हं!"

"शाळेतला बोलणा माका येऊंदे!"

"येईल. तुझी मालवणी जाईल."

"मगे आयेवांगडा काय बोलतलंय?" कुंदाचे डोळे भरले. आईला परकं व्हायचं? छे! ती विचार करत राहिली आणि एकदम टाळी वाजवून म्हणाली, "दाराभायर रवलेला सगळ्यांचा बोलणा आत येऊंदे! मगे काय जातला?"

"तिथे ठाण मांडून बसलेली भीती," परी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दारातून निळे, हिरवे, गुलाबी प्रकाशकण भिरभिरत आत आले आणि मुलांच्या ओठांवर टेकले. एक जांभळा कण मात्र बाईंच्या ओठांवर बसला. बाई मूळच्या वऱ्हाडातल्या. लहानपणी त्यांनाही आपली बोली अशीच शाळेबाहेर सोडावी लागली होती.

"अवं माय! किती वर्सांनी आली वं तू!" परतलेल्या बोलीला असं म्हणत बाई खळखळून हसल्या. मग डोळे पुसत कुंदाला म्हणाल्या, "सांग पोरी, समुद्राचं पानी खारं काऊन असते?"

"नदी डोंगरातला मीठ घेवन येता. पाण्याची वाफ होवन वर जाता, मीठ मातर थयच रवता!"

"बरोबर! आता हेच आपण दोघी पुस्तकातल्या भाषेत लिहू. वरच्या वर्गात जाणार तू!"

खिडकीतल्या परीने गिरकी घेतली आणि ती लखलखत्या उजेडात विरून गेली. कुंदाला ते दिसलंच नाही. ती बोलत होती.