ओढ्याकाठी उतरवलेला देव

पूर्वी उत्तरेकडच्या सागल नगरात मद्र कुळातला राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्या राज्याच्या डोंगराळ टोकाला, भद्रघाट नावाच्या गावी, एका पाणचक्कीवाल्याच्या घरी जन्मला. त्याचे नाव तिंबरू. राजाला हे गाव असल्याचे ठाऊक नव्हते, आणि गावाचेही राजावाचून काही अडत नव्हते.

तिंबरू माणूस चांगला होता, पण गोड नव्हता. जन्म चक्कीच्या घरघरीत गेल्यामुळे तो साधे बोलला तरी भांडल्यासारखे वाटे. आणि साधे तो क्वचितच बोले.

गाव उतारावर उंच वसले होते. खाली ओढा, आणि ओढ्याकाठी गोट्यांचा सपाट माळ. गावाच्या सगळ्यात खालच्या अंगाला एक चौथरा होता आणि त्यावर शेंदूर लावलेला दगड. तोच गावाचा देव. वाडवडिलांनी एकच नियम घालून दिला होता, देवाच्या पायाखाली चूल पेटवू नये. म्हणजे देवाच्या खालच्या अंगाला घर बांधू नये. का, ते कोणी सांगून ठेवले नव्हते. एवढे तर पोरांना कळेल, असे वाटले असेल त्यांना. तिथेच चुकले.

माळावर मिठाचे व्यापारी बैल घेऊन उतरत. त्यांच्याशी देवघेव करायची तर चारशे पायऱ्या उतरा आणि पुन्हा चढा. लोकांचे गुडघे कुरकुरू लागले. तेव्हा गावचा प्रमुख कोटिक याने तोडगा काढला.

"नियम मोडायचा नाही," तो म्हणाला. "देवाच्या खाली घर नको, एवढंच ना? मग देवालाच खाली नेऊ. घरं आपोआप देवाच्या वर येतील."

लोकांनी माना डोलावल्या. इतका हुशार प्रमुख आपल्याला मिळाला याचे त्यांना कौतुक वाटले.

"दगड हलवला म्हणून डोंगर हलतो का रे?" तिंबरूने विचारले.

"तिंबरूबा, तुमची चक्की तर खालीच आहे की."

"चक्कीला पाणी लागतं म्हणून ती खाली आहे. मी झोपतो कुठं ते सांग."

कोटिकने तोवर ढोल बाहेर काढायला सांगितले होते.

देव हलवण्याची त्या गावाची रीत कडक होती. देव जागचा उठला की गावातल्या साऱ्या चुली विझवायच्या. घरात कोणी थांबायचे नाही. आजारी, आंधळे, बाळंतीण, सगळ्यांनी अनवाणी त्याच्या मागे चालायचे. त्याला वाटेत अडवायचे नाही की टेकवायचे नाही, एकदम चौथऱ्यावरच उतरवायचे. कोटिकची अंथरुणाला खिळलेली आई त्या दिवशी डालीत, पाठीवर वाहायच्या मोठ्या टोपलीत, बसून खाली आली. ढोल वाजले. देव ओढ्याच्या कडेला नव्या चौथऱ्यावर, पाण्यापासून हातभर उंचीवर बसला, आणि चाळीस घरे माळावर उतरली. नियम शाबूत राहिला.

तेरा वर्षे गेली. दर पावसाळ्यात तिंबरू दारोदार जाऊन सांगे, "वर चला." पहिल्या वर्षी लोकांनी ऐकून घेतले. दुसऱ्या वर्षी हसले. तिसऱ्या वर्षापासून तो येताना दिसला की दारे ओढून घेऊ लागले. त्याची एकुलती मुलगी कुवला लग्न होऊन माळावरच नांदत होती, आणि ओढ्याला सगळ्यात जवळचे घर नेमके तिचेच होते.

त्या वर्षी नऊ दिवस पाऊस खळला नाही. कुवला बाळंत होऊन आठ दिवस झाले होते. दहाव्या दिवशी सकाळी तिंबरू दळण टाकून बसला असताना चक्की मंदावली आणि थांबली.

पाटात पालापाचोळा अडकला असेल म्हणून तो बाहेर आला. पाट मोकळा होता. पाणीच नव्हते. वर आभाळ ओतत होते, आणि खाली ओढ्यात गुडघाभर चिखल आणि त्यात तडफडणारे मासे. तिंबरूच्या बापाने मरताना त्याला चक्की दिली होती आणि एक वाक्य दिले होते, भर पावसात ओढा गप्प झाला तर त्याची विचारपूस करत बसू नकोस.

माळावर येऊन बघतो तर सारे गाव टोपल्या घेऊन ओढ्यात उतरलेले.

"या तिंबरूबा," कोटिक चिखलातून म्हणाला. "देवानं पाणी उतरवलं. मासळी बघा किती."

"उतरलं नाही, अडलंय. वरच्या खिंडीत दरड कोसळलीय आणि तिच्या पाठीमागं नऊ दिवसांचा पाऊस साठलाय. ती माती धरून धरून किती वेळ धरणार?"

"तेरा वर्षं तुम्ही पूर आणताय. एकदा तरी आला का?"

"तेरा वर्षं माझ्या चक्कीचं पीठ खाताय. अक्कल एकदा तरी आली का?"

लोक हसले. कोटिकही हसला. "एवढे मासे निवडून होऊ द्या," तो समजुतीने म्हणाला. "मग बघू."

तिंबरू मुलीच्या दारात गेला. ती बाळाला मांडीवर घेऊन बसली होती.

"कुवले, पोर उचल आणि वर चल."

"बाबा, आधी डोकं पुसा. भिजलात किती." तिने फडके पुढे केले. "सासूबाई सोडायच्या नाहीत. बारसं होईपर्यंत बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही. देव चालायला लागला तरच."

"अगं, मरशील."

"आई म्हणायची, तुझ्या बाबांचं म्हणणं खरं असतं, पण ऐकवत नाही."

तिंबरूने फडके तिच्या अंगावर फेकले. "मरा मग सगळे," तो म्हणाला आणि पायऱ्या चढू लागला. त्याचे घर वर होते. त्याची चूल वर होती. कोणी म्हणू शकले नसते की त्याने सांगितले नाही.

वीस पायऱ्या चढून तो थांबला आणि मागे वळून पाहिले. ओढ्यात माणसे बगळ्यांसारखी वाकली होती. कुवलेच्या छपरातून धूर निघत होता, म्हणजे बाळाच्या अंघोळीचे पाणी तापत होते.

मग तो खाली उतरला. उतरताना त्याने कोटिकला शिव्या दिल्या, माशांना दिल्या, आणि नियम सांगून कारण न सांगणाऱ्या वाडवडिलांना तर ठेवणीतल्या दिल्या. चक्कीतून पहार आणि पोती वाहायचा पट्टा घेतला. पहारीने देव चौथऱ्यावरून उचकटला, पट्टा त्याच्याखालून घेऊन कपाळाला लावला आणि उठून उभा राहिला. दगड भरल्या पोत्याएवढा होता. जन्मभर दळण वाहिलेल्या पाठीला देव आणि पोते यांतला फरक कळला नाही.

"देव चाललाय," पायऱ्यांशी येऊन तो ओरडला. "चुली विझवा."

लोकांच्या हातातल्या टोपल्या सुटल्या.

"चोर," कोटिक किंचाळला. "म्हातारा देव चोरून नेतोय."

"चोरत नाही, चालवतोय. रीत आहे की नाही तुमच्यात? मग या मागं."

तरण्या पोरांनी त्याला शंभराव्या पायरीवर गाठले, पण हात कोण लावणार? ओढाताणीत देव जमिनीला टेकला असता. त्यांनी चिखल मारला. कोणीतरी गोटा भिरकावला, त्याने तिंबरूचा कान फाटला. तो चालत राहिला. खाली बाया रडत चुलींवर पाणी ओतत होत्या. कोटिकची आई तेरा वर्षांनी पुन्हा डालीत बसली आणि वाटभर तिंबरूच्या सात पिढ्या उद्धरत वर आली. कुवलेचा हात धरून तिला उंबऱ्याबाहेर काढले ते तिच्या सासूनेच.

तीनशेव्या पायरीवर तिंबरूचे गुडघे वाकले.

"टेकवू नका," कोटिक घाबरून म्हणाला.

"मग बघतोस काय गाढवा, मागून रेटा दे."

कोटिकने दात खात दगडाला खांदा लावला. अशी ती वरात निघाली. पुढे चोर, पाठीवर देव, आणि चोराला ढकलणारा गावप्रमुख.

जुन्या चौथऱ्यावर देव उतरला तेव्हा तिंबरूला धड उभेही राहता येत नव्हते. शेवटचा माणूस वर पोचेपर्यंत कोटिक थांबला, कारण रीत पुरी व्हायला हवी होती. मग त्याने काठी उचलून म्हाताऱ्याच्या खांद्यावर हाणली. दुसरा तडाखा हवेतच राहिला.

आधी ओल्या मातीचा वास आला. मग पायाखालची पायरी थरथरली. मग खिंडीतून पाणी आले, आणि त्याच्यात मुळांसकट उपटलेली झाडे उभीच्या उभी चालत होती. एक घास चावून गिळावा एवढ्या वेळात माळ गेला, चाळीस घरे गेली, टोपल्या गेल्या, चक्की गेली.

कुवलेचे बाळ भुकेने रडू लागले.

कोटिकने काठी खाली घेतली. "पाहिलंत?" तो म्हणाला. "देवालाच वर यायचं होतं."

साऱ्या गावाने दगडाला हात जोडले.

तिंबरूने तोंड उघडले. कुवलेने पदराची चिंधी फाडून त्याच्या कानावर बांधली. "बाबा," ती म्हणाली, "आता तरी गप्प बसा."

"आज बसतो," तो म्हणाला. "उद्या बोलेन."

तिसऱ्या दिवशी पाणी ओसरले. कोटिक कठड्याशी उभा राहून खाली पाहत म्हणाला, "माळ आता आधीपेक्षा रुंद झालाय की." घरात जाऊन तिंबरूने जात्याला टाकी लावायची छिन्नी आणली आणि चौथऱ्याच्या दर्शनी अंगावर एक उलटे झालेले घर कोरले, आणि त्याच्यावर पाण्याची रेघ. वाडवडिलांनी सांगायचे राहिलेले कारण ते हेच. तो आणखी नऊ पावसाळे जगला. नऊही पावसाळे त्याने तेच सांगितले, आणि कोणी त्याचे आभार मानले नाहीत.

ही कथा शास्त्याने, म्हणजे भगवान बुद्धाने, सांगितली ती एका वयोवृद्ध भिक्खूला. वर्षावासासाठी, म्हणजे पावसाळाभर एका जागी राहायला, आलेल्या नव्या भिक्खूंनी कोरड्या नाल्यात कुट्या बांधल्या होत्या. वृद्ध भिक्खू कुरकुरत आला होता, "तीनदा सांगितलं, भन्ते. ऐकत नाहीत. आता मी सांगणार नाही." कथा ऐकता ऐकता तो खूष होत गेला होता. अखेर त्याने विचारले, "भन्ते, तो तिंबरू म्हणजे मीच ना?"

शास्ता म्हणाला, "तेव्हाची कुवला आज भिक्खुणीसंघात आहे. तेव्हाचे गावकरी म्हणजे नाल्यातले हे तरुण. कोटिक तू होतास. आणि तुला तेरा वर्षं सांगून थकलेला चक्कीवाला मी होतो. राग मला आला होता. पण वीस पायऱ्या चढलेला चिडका म्हातारा परत खाली उतरला. त्या उतरण्याला क्षांती म्हणतात, म्हणजे सोशीकपणा."

वृद्ध भिक्खू उठला. मग त्याने काठी घेतली, आणि पुटपुटत, चौथ्यांदा सांगायला नाल्याकडे उतरला.