ओंजळीतले अंडे

पूर्वी हरितक नगरात कमलसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका नावाड्याच्या घरी वेणुक नावाने जन्मले होते. नगराबाहेरच्या दलदलीत निवराची झाडे छातीइतक्या पाण्यात उभी असत. त्यांच्यामधून जाणारी चिंचोळी जलवाट वेणुकाला तोंडपाठ होती.

एकदा राजा आपला मेहुणा सारण याला घेऊन पक्षी पाहायला निघाला. पाणकावळे पंख पसरून ऊन खात होते, कासवे ओंडक्यांवर पहुडली होती. वेणुक तळाला बांबू टेकत नाव सावकाश नेत होता.

सारण हसून म्हणाला, "अरे, झोपलेल्या सासूच्या उशाखालून किल्ली काढावी तसा बांबू काय टेकतोस?"

वाटेत मातीच्या एका उंचवट्यावर सगळे घटकाभर उतरले. तिथून परत नावेत चढणाऱ्याने रिकामे हात दाखवावेत, असा नावाड्यांचा रिवाज होता. पण राजाच्या मेहुण्याला कसे सांगावे? वेणुक संकोचून गप्प राहिला.

नाव थोडी पुढे जाते तोच खालून धक्का बसला. बाजूला मगरीची पाठ वर आली. दुसऱ्या धडकेने फळी तडकली आणि पाणी आत येऊ लागले.

"बांबूला लोखंडी टोक आहे ना?" राजा ओरडला. "खुपस तिच्या डोळ्यात! गाव इनाम देतो तुला!"

वेणुकाने बांबू उचलला. तेवढ्यात नावेतूनच, सारणच्या उपरण्यातून, एक बारीक चिरका आवाज आला. बाहेर यायची वेळ झाली की मगरीचे पिल्लू अंड्यातून आईला अशी हाक मारते, हे त्याला ठाऊक होते. त्याने बांबू खाली ठेवला.

"आर्य, उपरण्यात काय आहे?"

सारणचा चेहरा उतरला. "एकच तर अंडं! गंमत म्हणून घेतलं. फेकू का?"

"फुटेल. माझ्याकडे द्या. तुमचे हात पाहायचे मी टाळले, चूक माझीही आहे."

अंडे ओंजळीत घेऊन तो पाण्यात उतरला. मगरीने जबडा उघडला. वेणुकाचे हात थरथरत होते, तरी त्याने ओंजळ पुढे केली. जबडा मिटला.

"खाल्लं तिने! आता तुझी पाळी!" सारण किंचाळला.

वेणुक हलला नाही. मगरीने दातांत अंडे अलगद दाबले. कवच तडकले आणि जबड्याच्या कडेने एक इवलेसे तोंड बाहेर डोकावले. मग ती वळली आणि मुळांच्या गुंत्यात दिसेनाशी झाली.

राजा म्हणाला, "माग, काय हवं ते माग!"

"महाराज, आधी पाणी उपसा. नाव बुडतेय."

राजा डोक्यावरचा मुकुट काढून त्या मुकुटानेच पाणी उपसू लागला.

एवढे सांगून शास्ता भिक्खूंना म्हणाले, "तेव्हाचा सारण म्हणजे तुमच्यातला उत्पल, राजा म्हणजे वृद्ध सुभूषण, ती माता म्हणजे दाराशी बसलेली उपासिका रेवा, आणि नावाडी मीच होतो. हात थरथरत असतानाही जी पुढे होते, तिला करुणा म्हणतात."